ढोरांना बंदी, माणसांना मुभा : श्रीमान डायक्लोफेनॅक यांना खुले पत्र

प्रति,
श्रीमान डायक्लोफेनॅक सोडियम,
मुक्काम : मेडिकलच्या गल्ल्याजवळचा, न बघता हात घातला तरी सापडणारा खण,
सूरजागड परिसर, तालुका एटापल्ली, जिल्हा गडचिरोली.

विषय : आपल्या अखंड सेवेबद्दल आभार आणि झोपेबाबत काही किरकोळ तक्रारी.

महोदय,

आपला पत्ता शोधायला मला काही त्रास पडला नाही. आलापल्लीहून एटापल्ली, तिथून हेडरीच्या अंगानं सूरजागडच्या पायथ्यापर्यंत, जिथे एक दुकान आणि एक दुखरी कंबर आहे तिथे आपण हजर आहात. नाव मात्र आपलं कुणालाच ठाऊक नाही. कुणी ‘कमरेची गोळी’ म्हणतं, कुणी ‘दुखण्याची’, कुणी नुसतंच ‘सुई’. एवढा खप आणि इतकं निनावी राहणं! आमच्या पुढाऱ्यांचं बरोबर उलट असतं. नाव चौकाचौकात, काम कुठेच नाही.

आपली कुंडली मी काढली आहे. जन्म स्वित्झर्लंडचा, सिबा-गायगी कंपनीच्या घरचा, बाजारात पहिलं पाऊल १९७३ सालचं. आल्प्सच्या थंडीतून निघून सूरजागडच्या ठाकूरदेवाच्या डोंगरापर्यंत आलात आणि इथल्या उन्हात असे रुळलात की आता आपल्याला परकं म्हणायची कुणाची छाती नाही. कायद्यानं आपण ‘शेड्यूल एच’चे मानकरी. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आपल्याला विकायचं नाही. तशी ताकीद आपल्या अंगरख्यावर छापलेली असते. इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात, चकचकीत पत्र्यावर. माडिया बोलणाऱ्या, मराठी जेमतेम समजणाऱ्या म्हातारीसाठी एवढी सोय पुरे आहे, असं कुणीतरी ठरवलेलं दिसतं.

त्या ताकिदीचं पुढे काय होतं, ते मी बाजाराच्या दिवशी एका मेडिकलवर उभा राहून पाहिलं. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. एक बाई आली. पाठीला पोर, हातात रिकामी पिशवी. म्हणाली, “कमरेच्या चार द्या जी. अन् रातची झोपच लागत नाही, त्याचीबी द्या एखादी.” दुकानदारानं दहाची पट्टी घेतली, कात्री उचलली, चार गोळ्या कापल्या. आपलं नाव, तारीख, ताकीद, सगळं उरलेल्या सहाकडे राहिलं. वरून एक पिवळी ॲसिडिटीची टाकली, डब्यातली एक बारीक पांढरी सुटी टाकली, “ही घे, बरी झोप येईल.” बाईनं सगळं पदराच्या टोकाला बांधलं आणि वीस रुपये देऊन गेली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. आधी काय घेत होतीस, पोर अंगावर पितं का, लघवी नीट होते का, हेही कुणी विचारलं नाही. पट्टी कापणारी ती कात्री म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात मोठा औषधतज्ज्ञ.

आता मी कृतघ्न नाही. दुखणं खरं आहे आणि आपला गुणही खरा आहे. आषाढ-श्रावणात रोवणी करणारी बाई दिवसभर गुडघाभर चिखलात, कमरेत दुमडून असते. मे महिन्यात तेंदू सुरू झाला की अख्खं घर पहाटे अंधारात जंगलात जातं, दुपारी परत येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत बसतं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन मोजून देतं. त्याआधी मोहफुलं वेचायची, तीही वाकूनच. इकडे वर्षाचा प्रत्येक पैसा वाकल्याशिवाय हाती येत नाही. खाणीचे ट्रक चालवणाऱ्या पोरांची गोष्ट वेगळी. ते बसून असतात, पण रस्ता त्यांना बसू देत नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावकऱ्यांचं ऐकलं, तेव्हा कंबर-पाठीचं दुखणं हे म्हाताऱ्यांचं रडगाणं नसून गावाचा मोठा आजार आहे, हे त्यांनी मनावर घेतलं. ‘सर्च’च्या शोधग्राम या केंद्रात मुंबईचे डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी मणक्याची तपासणी आणि शस्त्रक्रिया करायला येऊ लागले. पण शोधग्राम धानोऱ्याच्या वाटेवर आहे. सूरजागडहून निघालं तर शंभर किलोमीटरच्या वर प्रवास, एक दिवसाची मजुरी आणि दोन दिवसांची हिंमत लागते. आपण मात्र बाजारातच भेटता. अर्ध्या तासात आराम. या स्पर्धेत डॉक्टर हरणारच.

तर मुद्दा झोपेचा. दुखण्यानं झोप लागत नाही म्हणून लोक आपल्याला घेतात. आणि आपण? आपण दुखणं थांबवता ते प्रोस्टाग्लॅंडिन नावाची रसायनं शरीरात बनू न देऊन. सूज, वेदना, ताप यांच्यामागे तीच असतात, हे खरं. पण त्यांच्याच कुळातली एक, प्रोस्टाग्लॅंडिन डी-टू, मेंदूत झोप आणण्याचं काम करते. जपानच्या ओसामू हायाइशी यांनी १९८०च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं. रात्री अंगाचं तापमान थोडं उतरतं, मेलाटोनिन वाढतं, तेव्हा माणूस गाढ झोपतो. आपल्या जातकुळीची औषधं त्यातही ढवळाढवळ करू शकतात. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन या आपल्या चुलत भावांनी धडधाकट माणसांचीही झोप तुटक केल्याचं अभ्यासात दिसलेलं आहे. आपल्या स्वतःच्या माहितीपत्रकात दुष्परिणामांच्या यादीत निद्रानाश आणि भयानक स्वप्नं छापलेली आहेत. क्वचित होतात, असंही लिहिलेलं आहे. मान्य. पण क्वचित होणारी गोष्ट रोज घेतली की काय होतं, हे त्या पत्रकात नाही, आणि पत्रक तर कात्रीच्या पलीकडेच राहिलेलं असतं.

प्रोस्टाग्लॅंडिनचं आणखी एक काम पोटाच्या आतल्या अस्तराचं रक्षण करणं. तेही आपण बंद पाडता. मग रात्री दोन वाजता छातीत आग, आंबट ढेकर, उठून पाणी पिणं, पुन्हा आडवं होणं. तेवढ्यात खनिजाचा ट्रक घरासमोरून जातो, भांडी थरथरतात आणि उरलीसुरली झोपही जाते. त्या ट्रकांचा हिशेब मात्र चोख असतो बरं का. सूरजागडच्या लोहखनिजाचा पट्टा २००७ साली दिला गेला. २०१६ मध्ये खोदकाम सुरू झालं, त्याच वर्षाअखेर नक्षलवाद्यांनी पंचाहत्तरच्या वर वाहनं जाळली. २०२१ मध्ये काम पुन्हा जोरात सुरू झालं आणि २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा वाढून १ कोटी टन झाली. डोंगरातून किती टन न्यायचे, यासाठी जनसुनावणी होते, दिल्लीहून परवानगी येते. त्याच डोंगराच्या पायथ्याला माणसाच्या अंगात रोज किती मिलिग्रॅम जातं, याची नोंद कुठल्याही कागदावर नाही.

मग आपली सोयरी मंडळी येतात. ती बारीक पांढरी सुटी गोळी आठवते ना? अशा पुड्यांत बऱ्याचदा डेक्सामेथासोन निघतं, म्हणजे स्टेरॉइड. त्याचा जादूचा गुण असा की म्हातारा दुसऱ्या दिवशी टुणकन उठतो, भूक लागते, गाल भरतात, गाव म्हणतं ‘डॉक्टर हुशार आहे’. आणि रात्री तोच म्हातारा टक्क जागा! स्टेरॉइडनं झोप उडते हे डॉक्टरकीच्या पहिल्या पुस्तकात असतं. महिनोन्‌महिने घेतलं तर साखर वाढते, हाडं पोकळ होतात, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरतं. तेव्हा ते एकदम सोडणंही धोक्याचं. झोप लागावी म्हणून दिलेली गोळी आणि नेमकी झोप उडवणारी, असा विनोद आमच्या विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांनाही सुचला नसता.

दुसरे सोयरे ट्रामाडॉल. हे जरा वरच्या घराण्यातले, अफूच्या नात्यातले. २०१८ पासून त्यांना अमली पदार्थांच्या कायद्याखाली घेतलंय. यांच्यामुळे माणूस गुंगतो, घरच्यांना वाटतं झोपला. गुंगी वेगळी आणि झोप वेगळी. गाढ झोपेचा वाटा कमी होतो, श्वास मंदावू शकतो, पोट साफ होत नाही, घेणं थांबवलं की रात्रभर तळमळ. काहींना आकडीही येते. त्यावर मोहाचे दोन घोट झाले तर विचारायलाच नको. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे, म्हणून कुणी पीत नाही, असं मानण्याची पद्धत आहे, मीही मानतो. पण न पिणाऱ्या त्या लोकांच्या पोटात आपण आणि मोह एकत्र आलात की जठरातून रक्त येऊ शकतं, एवढं कळवून ठेवतो.

आपल्या सगळ्यात मोठ्या पराक्रमाबद्दल मात्र कुणी बोलत नाही, कारण तो दुखत नाही. मूत्रपिंडात रक्त नेणारी बारीक नळी उघडी ठेवायला तीच प्रोस्टाग्लॅंडिनं लागतात. एरवी फारसा फरक पडत नाही. पण शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा सगळा भरवसा त्यांच्यावर असतो. आता मे महिना घ्या. पारा पंचेचाळीसकडे, जंगलात पाणी दूर, बाटली एकच आणि ती पोरांना. पहाटेपासून तेंदू तोडलेला माणूस दुपारी अंग मोडलं म्हणून सुई घेतो. म्हणजे नेमकं ज्या वेळी आपल्याला दारातही उभं करू नये, त्याच वेळी घरात घेऊन पाट मांडला जातो. लघवी कमी होते, पिवळी-काळी होते, लोक म्हणतात ‘उष्णता झाली’. काहींची उष्णता पुन्हा उतरत नाही.

सिकलसेलवाल्यांची गत तर याहून वाईट. गोंड-माडिया समाजात हा आजार किती घरांत आहे, हे इथल्या प्रत्येक आरोग्यसेविकेला माहीत आहे. राष्ट्रीय मोहीमसुद्धा १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. त्यांच्या अंगात कळा उठतात त्या खऱ्याखुऱ्या, हाडं कुणी पिळतंय अशा. आणि त्यांची मूत्रपिंडं आधीच नाजूक. पाणी, विश्रांती, योग्य औषध आणि कळ वाढली तर दवाखाना, हे त्यांना हवं. मिळते काय? सुई. मलेरियाच्या तापात काय? सुई. डेंग्यूत रक्ताच्या बिंबिका घसरलेल्या असताना? महोदय, आपली निष्ठा अढळ आहे. ताप कशाचा, हे विचारण्यात आपण एक क्षण घालवत नाही.

सुईचं आणखी एक. आपली सुई ७५ मिलिग्रॅमची, ३ मिलीची. वैद्यकीय सूचनेत ती दोन दिवसांपलीकडे देऊ नये असं आहे. आमच्याकडे ती ‘वर्षातून रोवणीच्या वेळी आठवडाभर’ अशा मापात दिली जाते. कुल्ल्यावर चुकीच्या जागी टोचली आणि पायाची मोठी नस सापडली, तर पाऊल लुळं पडतं. टोचलेल्या जागचं मांस काळं पडून सडतं, असाही एक प्रकार पुस्तकात नाव घेऊन नोंदलेला आहे. सुईवाला डॉक्टर त्याला ‘नसीब’ म्हणतो.

हृदयाचं सांगू? २०१३ साली युरोपच्या औषध यंत्रणेनं सांगितलं की हृदयविकार, पक्षाघात झालेल्यांना आपल्याला देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आयबुप्रोफेन आहे, आपलं नाव नाही. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या ८६ गावांत ‘सर्च’नं मृत्यूंची नोंद ठेवली, ती २०१५ साली छापून आली : दर सात मृत्यूंत एक पक्षाघाताचा, सगळ्या कारणांत पहिला. हे सगळं आपणच केलं असं मी म्हणत नाही. रक्तदाब, तंबाखू, खर्रा हे जुने मानकरी आहेत. पण रक्तदाब वाढवणारी गोळी त्यांच्यात रोज जाऊन बसते, तेव्हा तिला पाहुणी तरी कसं म्हणायचं?

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, त्याकडे येतो. गिधाडं आठवतात का आपल्याला? आपल्याला आठवण नसणार. १९९०च्या दशकात आपण स्वस्त झालात आणि गोठ्यात शिरलात. लंगडणाऱ्या बैलाला, तापलेल्या गायीला आपली सुई. बैल मेला की गावाबाहेर टाकायचे, गिधाडं येऊन तासाभरात सांगाडा स्वच्छ करायची. आपण मेलेल्या ढोराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलात, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचला आणि मान खाली टाकून ती झाडावरून पडली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं हजारातली नऊशे नव्व्याण्णव गेली. शंभर मेलेल्या ढोरांपैकी एकात जरी आपण असाल, तरी एवढा संहार होण्यास ते पुरेसं आहे, हा शास्त्रज्ञांचा हिशेब. पाकिस्तानातल्या गिधाडांवरून लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ साली आपलं नाव उघड केलं.

आणि मग सरकार जागं झालं. खरंच जागं झालं, हे कौतुकानं सांगतो. २००६ साली जनावरांसाठी आपल्यावर बंदी आली. लोकांनी माणसांच्या नावावर निघणाऱ्या ३० मिलीच्या बाटल्या गोठ्यात नेल्या, तर २०१५ साली माणसाच्या सुईची बाटलीच ३ मिलीची करून टाकली. कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या, २०१७ मध्ये हरल्या. आपला भाऊ एसेक्लोफेनॅक गायीच्या पोटात गेला की आपलंच रूप घेतो, हे कळल्यावर २०२३ साली त्यालाही गोठ्यातून हाकललं, बरोबर किटोप्रोफेनलाही. आमच्या गडचिरोली वनविभागानं तर उरल्यासुरल्या गिधाडांसाठी उपाहारगृहं काढली, औषधमुक्त मांस वाढायला. गिधाडं गेल्यानं सडकं मांस, कुत्री आणि रोग वाढून २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं मेली, असा अंदाज ईयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी मांडला आहे. म्हणजे गिधाडं वाचवणं योग्यच होतं.

फक्त एक गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही. माणसाला टोचायच्या बाटलीवर आजवर जे एकमेव कडक बंधन आलं, तेही गिधाडासाठी आलं. कंबर दुखणाऱ्या बाईसाठी नाही. बैलाला आपली सुई दिलेली सापडली तर गुन्हा. त्या बैलामागे वाकून नांगरणाऱ्या माणसाला दिली तर उपचार. गिधाडाच्या ताटात आपण नसाल याची खात्री वनरक्षक करतो. माणसाच्या पुडीत काय आहे, याची खात्री करणारा कुणी या रस्त्यावर मला भेटलेला नाही.

म्हणून आपल्याला हाकलून द्या, असं मी म्हणणार नाही. दात काढल्यावर, मुतखड्याच्या कळेत, दोन-चार दिवसांपुरते, डॉक्टरनं विचारपूस करून दिलेले आपण चांगलेच आहात. आपला दोष एवढाच की आपण कुठेही, कुणालाही, कितीही मिळता. खरं तर हा दोषही आपला नाही. पण ज्यांचा आहे, ते पत्र वाचत नाहीत, म्हणून आपल्या नावे लिहिलं.

जाता जाता सूरजागड, हेडरी, एटापल्लीकडच्या मायबाप वाचकांना चार शब्द. चार गोळ्या लागत असतील तर नाव आणि तारीख असलेल्या बाजूच्या मागा, आणि सुटी बिननावाची गोळी परत करा. सिकलसेलचं कार्ड असेल तर आधी ते दाखवा, बीपी किंवा साखर असेल तर तसं सांगा. तेंदूच्या दिवसांत सुई घेण्याआधी दोन तांबे पाणी प्या आणि लघवी झाली की नाही ते बघा. होत नसेल तर गोळी-सुई बंद आणि सरळ दवाखाना. शौचाला काळं झालं, पाय-चेहरा सुजला, तरी तसंच. महिनोन्‌महिने पुडी घेत असाल तर ती एकदम सोडू नका. पुडी हातात घेऊनच ग्रामीण रुग्णालयात जा आणि डॉक्टरपुढे टेबलावर ओता.

आपला नम्र,
त्याच रस्त्यावरचा एक जागा माणूस